पूर्वेच्या खोलीतलं गाठोडं

बाबांची बदली नागपूरला झाली. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर त्यांनी पगडी खुंटीला लावली, पाय धुतले, पाटावर बसले आणि आईला तसं सांगितलं. आई वाढत होती. तिने भात वाढला, आमटी वाढली आणि पळी भांड्यात ठेवली. आत्या चुलीपाशी होती. तिने विचारलं, "कधी?" बाबा म्हणाले, "साहेब पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी निघणार. आपणही त्याच गाडीने."

हे लिहायला मी दादाच्या वर्षश्राद्धानंतर बसले आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो होता तोवर या आठवणी लिहायची मला गरज वाटली नाही, कारण त्या त्याच्याजवळ माझ्यापेक्षा नीट ठेवलेल्या होत्या. मी काही सांगायला लागले की तो मधेच थांबवून म्हणायचा, "यमू, ते तसं नव्हतं," आणि बहुतेक वेळा ते खरंच तसं नसायचं. आता माझी चूक झाली तर ती तशीच राहील. हात भरभर चालत नाही. दिवसाकाठी एखादं पान होतं, कधी तेही होत नाही. पण त्या दिवसांतलं लिहायला घेतलं की मला एकटीला हसू फुटतं, आणि सून स्वयंपाकघरातून डोकावून बघते.

आमचं बिऱ्हाड गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून लांबच लांब गॅलरी. पहाटे दूधवाल्या भय्याची हाक, मग खाली रस्त्यावर ट्रामच्या घोड्यांच्या टापा, आणि वारा पडला की चौपाटीवरचा समुद्र, असे आवाज आम्हाला घड्याळासारखे पाठ होते. घरात चुली दोन. आतली आत्याची, सोवळ्यातली. दुसरी खिडकीखालची, आईची. आमच्यात मासे चालत, आत्याला ते वर्ज्य. ती बाबांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, तेव्हापासून ती भावाकडेच होती. केस काढलेले, अंगावर तांबडं आलवण, तोंडाने सतत काही ना काही सांगणं चालू. तिने मासा तोंडात घातल्याला जन्म लोटला होता, तरी आईची कढी उकळायला लागली की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "उमे, आमसूल जास्त पडलंय." आई म्हणायची, "तुम्हाला खायचंय का वन्सं?" आणि मग चव घेऊन गुपचूप नारळाचं दूध वाढवायची. या दोघींच्या भांडणाला सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. नारळ किती खवायचा, उंबऱ्यावर कोणी बसायचं नाही, लोणच्याच्या बरणीला कोणता हात लावायचा, असं ते दिवसभर बारीक आचेवर शिजत असायचं. आम्हा मुलांना त्याचं काहीच वाटत नसे. ते थांबलं असतं तर वाटलं असतं.

बदली म्हणजे संकट, असं चाळीतल्या लोकांचं मत होतं. आमच्या घराला मात्र वारं प्यायल्यासारखं झालं. बाबा हे शांत गृहस्थ, कचेरी आणि वर्तमानपत्र यांपलीकडे न बोलणारे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आगगाडीचं वेळापत्रक विकत आणलं आणि जेवताना त्यातली स्टेशनं मोठ्याने वाचली. कल्याण, इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. मी ती परवचा म्हणावा तशी पाठ केली आणि गॅलरीत फिरत म्हणू लागले. दोन दिवसांत चाळीतली सगळी पोरं ती म्हणू लागली, ज्यांचा नागपूरशी काही संबंध नव्हता तीसुद्धा. आईने कधी कल्याणच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. ती भाजी चिरता चिरता थांबायची आणि म्हणायची, "बडनेरा. काय नाव तरी," आणि हसायची.

दादा त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात होता आणि गणितात हुशार म्हणून त्याचं नाव होतं. स्थलांतराच्या खर्चाचं अंदाजपत्रक करायचं काम बाबांनी त्याच्यावर सोपवलं. सरकारी कचेरीकडून मिळणार होतं ते फक्त बाबांचं भाडं. बाकीच्यांची तिकिटं, सामानाचं भाडं, बोरीबंदरापर्यंतची बैलगाडी, हमाल, नागपूरला उतरल्यावर धर्मशाळा, नव्या बिऱ्हाडाचं आगाऊ भाडं, हे सगळं आईच्या डब्यातल्या शिलकीतून व्हायचं होतं. दादाने कागदाचा ताव घेतला, वर ठळक अक्षरात 'मुंबई ते नागपूर' असं लिहिलं, आणि त्या दिवसापासून तो माणसात राहिला नाही. आईने चहा टाकला तरी तो विचारायचा, हा खर्च मुंबईकडे धरायचा की नागपूरकडे. नागपूरला संत्री स्वस्त, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्याने तिकडच्या महिन्याच्या खर्चात भाजी निम्मी केली आणि संत्री धरली. बाबांनी तो कागद वाचला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आमटी कशाची करायची रे, सालांची?"

माशांचा प्रश्न याहून बिकट होता. आमच्याकडे शेवंती कोळीण रोज पाटी घेऊन येई. आईने तिला बदलीचं सांगितलं तेव्हा ती पाटी उतरवून गॅलरीतच बसली. नागपूरला समुद्र नाही, हे तिला काही केल्या पटेना. "दर्या नाय तं मानसा जगतान कशी गो बाय?" असं तिने आईला विचारलं. शेवटी शेवंतीने शीवच्या कोळीवाड्यातल्या आपल्या बहिणीकडून सोडे, सुके बोंबील आणि बांगडे आणून द्यायचं कबूल केलं. आईने वर्षभराच्या हिशेबाने मागणी केली. ते आलं तेव्हा पहिल्या जिन्यापासून वास चढत वर आला. आत्याने नाकाला पदर लावून सांगितलं की हे घेऊन गाडीत बसलात तर साहेब तुम्हाला इगतपुरीलाच उतरवून देईल. मग बाबा, दादा आणि आई यांची बैठक झाली आणि वर्षाचे बोंबील दोन महिन्यांवर आले.

तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ठरावीक वजनाचंच सामान फुकट नेता येई, वरच्याला भाडं पडे. ते वजन चुकू नये म्हणून दादाने घरातली एकेक वस्तू कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात नेऊन तागडीत घालायचा सपाटा लावला. घंगाळ नेलं, समया नेल्या, आईचं जातं हमाल करून नेलं, बाबांची आरामखुर्ची उलटी करून डोक्यावर घेऊन गेला. वाणी आधी रागावला. मग गिऱ्हाईकं मजा बघायला थांबतात हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा तोच विचारू लागला, आज काय आणणार. गर्दीतला एखादा वजनाचा अंदाज बांधायचा, दुसरा त्याच्याशी पैज लावायचा. मी माझी शाळेची पुस्तकं दोरीने बांधून नेली. दादाने ती तोलली, कागदावर मांडली, थोडा वेळ विचार केला आणि परत माझ्या हातात दिली. "ही तू मांडीवर घेऊन बस. मांडीवरचं तोलत नाहीत."

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र सरळ रेषेत चालली होती. अंदाजपत्रक लिहायला घेतलं त्याच दिवशी आत्याने दादाला सांगितलं होतं, "माझं तिकीट धरू नकोस." ती देवगडकडे आपल्या दिराच्या घरी जाणार होती. तुम्हाला गाडीत बसवून देईन, खोल्या झाडून किल्ली मालकाच्या गुमास्त्याला देईन आणि रविवारी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट धरीन, असं तिने ठरवून टाकलं आणि दिराला तसं पत्रही घातलं. हा दीर मी एकदा पाहिला होता. तो मुंबईला आला की आमच्याकडे उतरे. आत्याच्या हातचं पोटभर जेवे आणि तिच्याशी बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून बोले. त्याच्याकडे गोठा होता, भाताची शेती होती आणि राबायला माणसं कमी होती. आत्या तिथे कशाला हवी होती, हे मलासुद्धा कळत होतं. बाबांनी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "सदा, तुझी शिल्लक मला माहीत आहे. नव्या गावात आधी भाडं भर." बाबा तिचे धाकटे भाऊ. तिच्यापुढे त्यांचं तोंड कधी फार वेळ उघडं राहिलं नाही. आई तर काहीच बोलली नाही. चाळीतल्या बायकांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की एवढ्या वर्षांनी उमाबाईची सुटका झाली.

मी मात्र रोज दादाचा कागद उघडून बघत होते. तिकिटांच्या ओळीत मी होते, आई होती, दादा स्वतः होता. आत्याचं नाव घालायची सोय दिसत नव्हती. जागा केली तर धर्मशाळेचे पैसे कमी पडत, धर्मशाळा धरली तर बैलगाडी जात असे. दादानेही तो कागद कितीदा खोडला होता ते रबरावरून दिसायचं. पण आत्यापुढे तो काही बोलत नसे. तीही कागदाकडे बघत नसे. ती आमच्यासाठी दशम्यांचं पीठ दळत होती, लाडू वळत होती, लिंबाच्या लोणच्याची बरणी कापडाने बांधत होती, आणि गाडीत कोणी कोणाच्या हातचं काय खायचं नाही याची यादी तोंडी म्हणून घेत होती.

एका दुपारी दादाला वाटलं की वजन ठीक आहे, पण जागेचा हिशेब राहिला. तो बोरीबंदरला जाऊन उभ्या गाडीतलं तिसऱ्या वर्गाचं बाक वितीने मोजून आला होता. त्याने बाहेरच्या खोलीत खडूने तेवढं बाक आखलं, आम्हाला त्यात बसवलं आणि मधे बोचकी ठेवली. बाबा रविवार म्हणून घरी होते. तेही वेळापत्रक हातात घेऊन खडूच्या रेघेच्या आत मांडी घालून बसले. दादाने शिट्टी वाजवली. आम्ही हललो. बाबांनी "कसारा घाट" असं म्हटल्यावर आम्ही सगळे मागे रेललो, आणि आईला इतकं हसू आलं की तिच्या मांडीवरचा डबा घरंगळत दाराबाहेर गेला. तो उचलायला आत्या आली. ती रेघेबाहेर उभी राहून म्हणाली, "पोरी, परकर आवर, पाय बाहेर येतोय तुझा." आईने डोळे पुसले, जराशी सरकली, शेजारच्या रिकाम्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाली, "इथे एवढी जागा उरतेय." आत्याने डबा तिच्या हातात दिला आणि आत गेली. दादा म्हणाला, उरतेय तिथे घंगाळ बसेल.

खरी अडचण पुढेच होती. आत्याने पंचांग उघडलं. तिला अक्षरओळख बाबांनी लहानपणी करून दिली होती, आणि तिने ती सगळी पंचांगावर खर्च केली होती. नागपूर मुंबईच्या पूर्वेला. शनिवारी पूर्वेला दिशाशूल. त्या दिवशी पूर्वेला निघायचं नाही. साहेबाची गाडी शनिवारची. साहेबाला हे सांगता येईना आणि पंचांगाला साहेब सांगता येईना. यावर जुना उपाय म्हणजे प्रस्थान ठेवणं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाला निघणाऱ्यांची वापरलेली वस्त्रं, तांदूळ, सुपारी, हळकुंड एका गाठोड्यात बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजारघरी नेऊन ठेवायचं. तेव्हाच प्रवास सुरू झाला. मग आपण घरी राहिलो तरी घरात नाही, वाटेवर आहोत. जाताना ते गाठोडं शेजाऱ्याकडून परस्पर उचलायचं. आणि एकदा ज्याचं वस्त्र त्यात गेलं त्याने मागे फिरायचं नाही. फिरला तर सगळ्यांचाच प्रवास मोडला. याला आत्याकडे गणूमामाचा दाखला होता. गणूमामा म्हणजे कोणी लांबचे नातेवाईक, ते प्रस्थान ठेवून सर्दी झाली म्हणून राहिले, आणि पुढे त्यांची नोकरी गेली, म्हैस गेली आणि दात गेले. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की दादा म्हैस आणि दात यांचा क्रम बदलून तिला चिडवायचा.

गुरुवार चांगला निघाला. पण चाळीत पूर्वेच्या टोकाची खोली होती कमळाबाईंची, आणि आत्या त्यांच्याशी बोलत नव्हती. त्यांच्या मांजरीने आत्याच्या सोवळ्यातल्या दुधाला तोंड लावलं होतं. त्यावर आत्या मांजरीला जे बोलली होती ते कमळाबाईंनी स्वतःला लावून घेतलं होतं. त्या गोष्टीला दोन दिवाळ्या झाल्या होत्या. दादाने सुचवलं की दिशा जराशी आग्नेय धरू, तिथे तेलंगांची खोली आहे. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो हळूच बाहेर गेला. शेवटी आई कमळाबाईंकडे गेली. त्या मनाने चांगल्या होत्या. त्यांनी फडताळ रिकामं करून दिलं, फक्त एवढंच म्हणाल्या, "ठेवा की. पण तुमच्या वन्संना सांगा, मांजर बांधून ठेवणार नाही हो मी."

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे न्हालो. गाठोडं सवाष्णीने बांधायचं, आणि ते घराबाहेर पडतं तेव्हा विधवेने समोर यायचं नाही. हे दोन्ही नियम आत्यानेच सांगितले आणि आतल्या खोलीत जाऊन स्वतःच दार लोटून घेतलं. दाराआडून तिचा आवाज येत होता. आधी तांदूळ. मग सुपारी. मग निघणाऱ्या प्रत्येकाचं एकेक वापरलेलं वस्त्र, कर्त्या पुरुषाचं सर्वांत वर. आई सांगितल्याप्रमाणे करत होती. मी देवापाशी निरांजन धरून उभी होते, तेव्हा माझं लक्ष वातीकडे. गाठोडं चांगलंच जाड झालं होतं. बाबा ते घेऊन गॅलरीतून निघाले. मागे आई, मग दादा, मग मी, आणि आमच्यामागे चाळीतली पोरं "मनमाड, भुसावळ" करत. आम्ही पाच-सात खोल्या चालून नागपूरच्या वाटेला लागलो आणि परत येऊन जेवायला बसलो.

पुढचे दोन दिवस कोणीच ताळ्यावर नव्हतं. आपण इथे नाही, ही कल्पना आम्हाला चढली होती. बाबा पाणी मागायचे आणि म्हणायचे, "आम्ही वाटसरू, घोटभर द्या हो कोणी." दादा सांगे की आता आपण नाशिकला पोचलो असू, तेव्हा मला अभ्यासाचं विचारू नका. मी शाळेत गेले नाही. बाईंना काय सांगायचं, तर मुलगी गावाला गेली. ती गॅलरीत उभी राहून शाळेकडे बघते आहे ती गोष्ट वेगळी.

शुक्रवारी सकाळी आत्या आपली ट्रंक भरायला बसली. ट्रंक कसली, लहानशी पेटी. तिची आलवणं तीन. एक अंगावर, एक पेटीत, आणि तिसरं सापडेना. तिने मला हाक मारली. "यमू, आतल्या दोरीवरचं माझं आलवण कोणी काढलं?" मला माहीत नव्हतं. आई तव्यावर घावन टाकत होती. तिने मान वळवली नाही.

"मी काढलं, वन्सं."

"सोवळ्यातलं? आणि ठेवलंस कुठे?"

"कमळाबाईंच्या फडताळात."

घावनाला जाळी पडल्याचा आवाज आला. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, ते खाली आलं. आत्याला समजायला क्षणभर लागलं, आणि समजल्यावर तिचा आवाज उलट बारीक झाला. "प्रस्थानात? विधवेचं वस्त्र प्रस्थानात घातलंस तू?"

"निघणाऱ्या प्रत्येकाचं वापरलेलं वस्त्र, असं तुम्ही सांगितलंत. दाराआडून. मी ऐकलं तसं केलं. विधवेचं नको, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत."

"मी निघणार नव्हते, म्हणून नाही म्हटलं."

"आता निघालात," आई म्हणाली, आणि घावन उलटलं. "कालच."

आत्या तशीच उठली आणि पंचांग घेऊन बसली. तिने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, बोट लावून वाचलं. ती त्यात वाट शोधते आहे हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. मी मनात देवाला म्हणत होते की ती सापडू देऊ नकोस. बाबा उठून आतल्या दारात आले. बहिणीला उलट बोलायची सवय नसलेले माझे बाबा चौकटीला टेकून उभे राहिले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अक्का, त्या गणूमामाचं पुढे काय झालं होतं गं?"

दादा ओरडला, "म्हैस गेली," आणि गॅलरीत पळाला. मला हसू आवरेना. आत्याने पंचांग मिटलं. ती हसत नव्हती. ती आईला म्हणाली, "उमे, मी नको म्हणाले ते पैशासाठी नव्हे. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून माझ्या हाताखाली आहेस. एकदा तरी तुझ्या घरात तू एकटी असावीस."

आई आता वळली. तिचा चेहरा चुलीने लाल झालेला होता. "एकटी? आणि भांडू कोणाशी मी तिथे? ह्यांच्याशी? हे तर ऐकूनच घेतात सगळं." मग ती परत तव्याकडे वळली. "घावन जळतंय. तुमचं आमसूल-बिमसूल काय ते बघा, मला एकटीला ते जमत नाही."

आत्या पदराने डोळे पुसून उठली आणि म्हणाली की तवा तापलाय फार, तुला शंभरदा सांगितलं, विस्तव मागे ओढ.

मग तिकिटाचा प्रश्न आला. दादाने ताव खाली पसरला आणि आम्ही सगळे त्याभोवती उकिडवे बसलो. सामानाचं भाडं वाचलं तरच आत्या बसत होती. बाबांनी कागदावरच्या आरामखुर्चीवर बोट ठेवलं. वडिलांपासून चालत आलेली ती खुर्ची. रविवार दुपारी तिच्यात दुसऱ्या कोणाला बसायची परवानगी नव्हती. "ही खोड," ते म्हणाले. आईने जातं खोडलं. नागपूरला काय जाती मिळत नाहीत, असं ती म्हणाली. तेवढ्यात आत्या म्हणाली की या जात्याच्या दगडाची सर यायची नाही. आईने घंगाळही खोडलं. अर्ध्या तासात आमच्या दारात बाजार भरला. चाळ लोटली. खुर्ची तळमजल्यावरच्या वैद्यांनी घेतली, आणि उचलून नेण्याआधी बाबांना शेवटचं पाच मिनिटं बसू दिलं. बाबा बसले, लोक उभे राहून बघत होते, आणि बाबा डोळे मिटून म्हणाले, "भाव वाढवा, आता गरम आहे." घंगाळाला दोन गिऱ्हाईकं आली आणि भांडू लागली, तेव्हा ती सोडवायला आत्या गेली. जातं घ्यायला कमळाबाई आल्या. आत्या आणि त्या समोरासमोर आल्या. मग आत्या म्हणाली, "खुंटा ढिला झालाय. पाचर मारून घे." कमळाबाई म्हणाल्या, "घेते हो," आणि मागितलेल्यापेक्षा चार आणे जास्त देऊन गेल्या. जरा वेळाने परत आल्या आणि सांगून गेल्या की मांजर शनिवारपर्यंत बहिणीकडे पाठवली आहे.

दादाने बेरीज केली. परत केली. मग त्याने तिकिटांच्या ओळीत आत्याचं नाव शाईने लिहिलं, पेन्सिलीने नाही. त्याच्या कानाला शाई लागली होती, आणि तो कागद हातात धरून असा उभा होता की जणू साहेब तो होता आणि नागपूर त्याच्यासाठी थांबलं होतं. आजही दादा म्हटलं की मला डोळ्यांपुढे तोच येतो. शेवटच्या आजारपणातला येत नाही, याचं मला बरं वाटतं.

शनिवारी गाडीत आमच्या बाकावर सहा माणसांच्या जागी नऊ माणसं होती आणि खडूच्या रेघा कुठल्या कुठे गेल्या. पूर्वेच्या खोलीतून आणलेलं गाठोडं आत्याने स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं, आणि आत दोन महिन्यांचे बोंबील असलेलं पिंप नेमकं तिच्या पायांपाशी आलं होतं. बोरीबंदर सुटलं तेव्हा ती हात जोडून बसली होती. भायखळा गेलं, परळ गेलं, दादर गेलं, हात जोडलेलेच. शीवच्या खाजणावर मिठागरं दिसली तेव्हा आईने डबा उघडला. आत्या म्हणाली, इतक्यात काय उघडतेस, कल्याण तरी येऊ दे. आई म्हणाली, मुलांना भूक लागली आहे. आत्या म्हणाली, तुझ्या लाडानेच. समोर बसलेल्या एका मारवाडी बाईने बाबांना विचारलं की या दोघी एकमेकींच्या कोण. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी सांगितलं, "ऐकत राहा. वर्धा येईपर्यंत कळेल."

नागपूरला त्या दोघींनी पुढची सगळी वर्षं एका छपराखाली काढली. देवगडच्या दिराने दोन पत्रं घातली आणि मग तो थांबला. नागपूरला समुद्र नव्हता, संत्री होती, आणि उन्हाळा असा होता की पहिल्या वैशाखात आम्ही सगळे जमिनीला पाठ लावून पडून राहिलो. आत्या गेली तेव्हा आई तिच्या उशाशी होती. त्यानंतर बरेच दिवस आई स्वयंपाक करताना मधेच थांबून आतल्या खोलीकडे बघायची. मग बाबा गेले, मग आई, आणि आता दादा.

त्या गाडीने आलेल्यांपैकी आता मीच आहे. नागपुरातल्या महाल भागातलं आमचं ते भाड्याचं घर आता दुसऱ्यांकडे आहे. मागच्या अंगणातली विहीर, जिच्या दोन बाजूंना उभ्या राहून आई आणि आत्या पाणी काढत, ती आहे, आणि तिला पाणी आहे.